बुडालेल्या गावाचा गेम

मला चित्र काढता येत नाही. शाळेत मी काढलेला बैल बाईंनी वर्गाला वर धरून दाखवला होता आणि सगळ्यांनी तो कुत्रा आहे असं एकमताने ठरवलं होतं. तरीही तीन वर्षांपूर्वी मी गेम बनवायला घेतला.

मी भंडाऱ्यात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या दुकानात काम करते. जातीचे दाखले, परीक्षांचे अर्ज, पीक विमा. दुपारी दोनच्या पुढे गिऱ्हाईक विरळ होतं. त्या वेळात, मालकाला विचारून, त्याच कॉम्प्युटरवर गेम बनवायचं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं आणि व्हिडिओ बघत बघत शिकले. विकत काही घ्यायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरलेलं होतं, कारण घ्यायला पैसे नव्हते.

गेम आमच्या जुन्या गावाचा होता. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात ते गेलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आता आम्ही पुनर्वसनात राहतो. सरळ रस्ते, प्लॉटला नंबर. गेममध्ये एवढंच की एक मुलगी पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, घेऊन घरून निघते, गल्लीगल्लीने नदीवर जाते आणि परत येते. वाटेत दारादारांत माणसं उभी असतात, तिच्याशी बोलतात. मारामारी नाही, गुण नाहीत.

अडलं ते घरांपाशी. इंटरनेटवर फुकट मिळणारी घरं परदेशातली होती, धुराडी असलेली, छपरांवर बर्फ. मी काढलेली घरं म्हणजे नुसते चौकोन. शेवटी मी मोबाइल घेऊन वस्तीत फिरले. कुणाच्या गोठ्यावर अजून कवेलू, म्हणजे मातीची कौलं होती, त्यांचा फोटो काढला. शेणानं सारवलेली एक भिंत, आईचं जुनं लुगडं, गंजलेलं दाराचं कडं. हे सगळं कापून चौकोनांवर चिकटवलं. माणसं कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवरून कात्रीने कापली आणि त्यांचे फोटो घेतले. त्यांना तोंडं नव्हती, कारण तोंड काढायला घेतलं की माणूस बिघडायचा.

मग ठरवलं, चित्रात नाही ते आवाजात आणू. रविवारी घरोघरी जाऊन मी फोनवर आवाज भरून घ्यायला लागले. "तुमच्या जुन्या दारात उभे आहात, आणि मी गुंड घेऊन चालली. काय म्हणाल?" एक काकू म्हणाल्या, "हळू जा वं, घाटावर पाय घसरते." एकीला नुसतंच हसू आलं, तेही मी ठेवलं.

वस्तीतल्या घरांच्या पहिल्या ओळीत एक आबाजी राहतात. जुन्या गावात त्यांचं घर आमच्या घराला लागून होतं. त्यांनी आपलं वाक्य नीट बोलून दिलं आणि मग विचारलं, "तुया बापाच्या दारात काय बोलवून राहिली?"

"बाबा म्हणतीन, लवकर ये."

"तसं नोको करू. कागद दे त्याच्या हातात. गाव सोडाच्या कागदावर पहिली सही त्याचीच होती."

मला हे माहीत नव्हतं. लग्नाच्या पत्रिका आमच्याकडे फाटकावरूनच दिल्या जायच्या, कुणी आत येऊन चहा घ्यायचं नाही, एवढं माहीत होतं. आमचा प्लॉट अगदी टोकाला आहे म्हणून असेल, असं मी समजत होते. लहानपणी मला कुणी खेळायला बोलवायचं नाही, त्यालाही मी तेच कारण दिलं होतं.

घरी आई तांदूळ निवडत होती. तिला विचारलं तर तिचा हात थांबला. "तुले कोणं सांगतलं?" म्हणाली, आणि मग, "त्याले विचार."

बाबा राइस मिलवर चौकीदार आहेत. ते अंगणात सायकलच्या साखळीला तेल देत होते.

"हाव. केली," ते म्हणाले.

"काहून?"

"मले वाचता येत होतं म्हणून." त्यांनी वर पाहिलं नाही. "नोटीस आली का गावाले वाचून दाखवाचं काम मायंच. बाकीचे ऐकत, अन् मी वाचत होतो. पानी येनारच, हे मले दिसून राहिलं होतं. वाटलं, एकानं केली का बाकीचे करतीन, सगळे सोबत निघू. कोणीच नाही केली. दोन वर्सं माया संग कोणी बोललं नाही."

"पण पानी तर आलंच ना, बाबा."

"आलं. म्हणून मायी सही बरोबर होत नाही."

मी विचारलं, गेममध्ये टाकू का. "तुया गेम आहे," म्हणाले. त्या दुपारी ते जेवले नाहीत.

मी टाकलं. मुलगी नदीवरून परत येते तेव्हा दारात बाप कागद घेऊन उभा. पडद्यावर एकच बटण, सही करा. ते दाबल्याशिवाय गेम पुढे जात नाही. आपण मोठं धाडस केलं असं तेव्हा मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मी रागावले होते. इतकी वर्षं त्यांनी सांगितलं नाही म्हणून, आणि ज्या अंगणांत मला कुणी बोलावलं नाही त्यांच्यासाठी. तो सगळा राग मी त्या बटणात भरला होता.

आबाजींना म्हटलं, तुमचा आवाज ऐकायला या. एका रविवारी सकाळी ते आले. पुनर्वसन झाल्यापासून आमच्या अंगणात त्यांचं ते पहिलंच येणं. आईने धावत खुर्ची टाकली. गेम लावलेला माझा फोन त्यांनी डोळ्यांच्या अगदी जवळ धरला आणि स्वतःच्या दाराशी पोचल्यावर स्वतःचं वाक्य दोनदा ऐकलं. "कवेलू मायेच आहेत," म्हणाले. कवेलू दुसऱ्याच्या गोठ्याचे होते.

मग कागद आला.

"आता काय करू?"

"दाबा आबाजी. सही करा."

त्यांनी बोट मागे घेतलं. "मी तवा नाही केली. आता काहून करू?"

बाबा आतून दारात आले. "भाऊ, दाबा. त्याबिगर पुढं जात नाही ते."

आबाजी त्यांच्याकडे वळले. "तू तवाही असाच म्हनला होता," ते म्हणाले. फोन खुर्चीवर ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेले. आई चहाचे कप घेऊन दारात तशीच उभी होती.

मला वाटलं बाबा माझ्यावर चिडतील. ते खुर्चीवर बसले आणि फोन हातात घेतला. म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. नाही म्हनाची सोय ठेव यात."

"नाही म्हटलं तर पुढं काय दाखवू?"

"नाही म्हटल्यावर जे झालं, ते."

ते करायला मला दोन महिन्यांच्या दुपारी लागल्या. आता 'नाही' दाबलं की मुलगी पुन्हा नदीवर निघते. प्रत्येक फेरीत दारातली माणसं कमी होतात, आवाज कमी होतात, आणि गल्लीत पाणी चढतं. पाणी म्हणजे निळा पट्टा, तेवढा मला काढता येत होता. शेवटी सही केली काय, न केली काय, मुलगी नंबर लिहिलेल्या प्लॉटवरच येऊन उभी राहते.

बाबांनी दोन्ही वाटांनी खेळून पाहिलं. "दोन्हीकडून इथंच येते," म्हणाले. "मंग यात खेलाचं काय?"

त्या दिवसानंतर त्यांनी गेम पुन्हा उघडला नाही, आणि मीही उघडा म्हटलं नाही.

मी तो एका साइटवर फुकट ठेवला. थोड्या लोकांनी खेळला. एकाने लिहिलं, आवाज चांगले आहेत, चित्रं लहान मुलाने काढल्यासारखी. दुसऱ्या एका बुडालेल्या गावच्या माणसाने विचारलं, आमचंही गाव कराल का? मी कळवलं की मला चित्रं येत नाहीत. त्याने उत्तरात घराचं सगळं वर्णन पाठवलं. दार कुठल्या बाजूला, विहीर किती पावलांवर. ते वाचून मी ठेवून दिलं आहे. त्याच्या गावात पहिली सही कुणाची होती, हे विचारायची मला भीती वाटते.

नवा गेम मी आबाजींच्या सुनेच्या फोनवर पाठवला होता. गेल्या महिन्यात ते हयातीच्या दाखल्यासाठी दुकानात आले. काम झाल्यावर उठता उठता म्हणाले, "खेललो मी."

"काय दाबलं?"

"दोन्ही दाबून पाह्यलं." दारापर्यंत जाऊन ते परत वळले. "तुया बापाले सांगू नोको."

मी सांगितलं नाही. बाबा मिलवर जाताना अजून पहिल्या ओळीतून, आबाजींच्या दारावरून, जात नाहीत, मागच्या रस्त्याने वळसा घालून जातात.