गप राहिला तो हरला

माझे वडील दशावतारी. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून नाटकात उभे राहत नाहीत, एवढंच. दशावतारात कथा ठरलेली असते, पण संवाद कुणी लिहून देत नाही. समोरच्या राजाने सवाल टाकला की देवाने तिथल्या तिथे जबाब द्यायचा, आणि प्रेक्षक डोळ्यांत तेल घालून बघत असतात की कोण अडकतो. वडील म्हणायचे, रंगमंचावर गप राहिला तो मेला. मी मुलगी, तेव्हा मंडळीत मला काम मिळण्याचा प्रश्नच नव्हता, आणि मुलगा त्यांना झाला नाही. पण जेवताना, भांडताना, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी सवालाला जबाब देतच मोठी झाले. पुढे घाटावरच्या एका कॉलेजात विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवायला लागले. वडिलांना तो विषय काय ते नीट कळलं नाही, पण त्यात वाद घालावा लागतो हे कळलं आणि ते निर्धास्त झाले.

मागच्या थंडीत सुट्टीला घरी आले, तेव्हा गावच्या वाचनालयाने परिसंवाद ठेवला होता. विषय असा, की सगळ्या विज्ञानांची पद्धत एकच असते का. एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला शिरोड्याचे एक निवृत्त प्राध्यापक. सर आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवत आले आणि कित्येक वर्षं याच विषयावर एक पुस्तक लिहीत आहेत. ते पुरं कधी होणार, यावर पंचक्रोशीत थट्टा चालते. सरांचं म्हणणं होतं की पद्धतीचा गाभा एकच. कल्पना मांडायची, तपासायची, खोटी ठरली तर सोडून द्यायची. मी म्हणत होते की असा गाभा-बिभा काही नसतो.

वडील पहिल्या रांगेत, धुतलेलं धोतर नेसून.

शेवटी बँकेतल्या एका बाईंनी विचारलं, की प्रयोग उलटा आला तर शास्त्रज्ञ आपली कल्पना खरंच सोडतात, की तिला चिकटून बसतात? सरांनी चष्मा काढला. बराच वेळ विचार केला. मग म्हणाले की बहुतेक सोडतात असं मला वाटतं, पण खात्रीने बोलण्याइतके दाखले माझ्याकडे नाहीत. आणि थांबले.

सभागृहात चुळबुळ झाली. ती चुळबुळ मी लहानपणापासून ओळखते. राजा अडकला की लोक अशीच चुळबुळ करतात. मी माईक ओढला आणि म्हणाले, "मी स्वतः एका प्रयोगशाळेत सहा महिने बसून हे पाहिलंय." मग सुटलेच. आकडे उलटे आले तेव्हा तिथल्या लोकांनी यंत्र बदललं, माणूस बदलला, पण कल्पना बदलली नाही, असं रंगवून सांगितलं. शेवटी म्हणाले, "सर, देवाला कौल लावतात तसं आहे हे. मनासारखा मिळेपर्यंत पुन्हा लावायचा." टाळ्या थांबेनात. सर मान खाली घालून काहीतरी लिहून घेत होते.

खरं सांगायचं तर त्या प्रयोगशाळेत मी एकदाच गेले होते, मैत्रिणीला भेटायला. तिने चहा पिता पिता आपल्या साहेबाची एक गंमत सांगितली होती. तिचेच मी सहा महिने केले.

घरी येताना वडिलांचा गुडघा दुखायचा थांबला होता. वाटेत भेटेल त्याला थांबवून ते सांगत होते, "सर गप रवले, थंयच पडले." घरात शिरताना मला म्हणाले, "माझो पार्ट तू केलंस गो. आता माका कसलीच हळहळ नाय." हे ऐकण्यासाठी मी लहानपणी काय वाटेल ते केलं असतं. आता ऐकलं आणि जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दारात. शिरोड्याहून पहिल्या एसटीने आले होते. वडील खूश. हरलेला राजा विंगेत येऊन पाठ थोपटतो, तसं त्यांना वाटलं असणार. त्यांनी स्वतः चहा आणला आणि ऐकायला जवळच बसले.

सरांनी पिशवीतून पुस्तकाचं एक प्रकरण काढलं. म्हणाले, पुस्तक एकदाचं छपाईला निघालं होतं, ते काल रात्री फोन करून थांबवायला सांगितलं. "तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय म्हटल्यावर माझं हे प्रकरण टिकत नाही. नव्यानं लिहावं लागेल. तुमची टिपणं बघायला मिळतील का?"

मी वर्गात मुलांना शिकवते, की विद्वानाची पारख तो किती ठामपणे बोलतो यावर करू नये. स्वतःविरुद्धचा पुरावा समोर आला की तो काय करतो, ते बघावं. तो माणूस माझ्यासमोर बसला होता. माझ्या थापेपायी आपलं कित्येक वर्षांचं काम मोडायला निघाला होता. काल मी त्याचीच टर उडवली होती. मला इतकी लाज वाटली की कान तापले.

वडील माझ्याकडे बघत होते. जबाब येणार, याची त्यांना खात्रीच होती. आणि मला फक्त आजची सकाळ निभावायची होती. टिपणं घाटावर राहिली, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंसुद्धा.

"सर, टिपणं नाहीत," मी म्हणाले. "सहा महिनेही नाहीत. मी तिथे एकदाच गेले होते. बाकीचं ऐकीव, आणि त्यात माझी भर."

सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद पुन्हा पिशवीत ठेवले आणि अगदी सरळपणे विचारलं, "मग शास्त्रज्ञ कल्पना सोडतात की नाही, याबद्दल तुम्हाला खरंच काय वाटतं?"

मी त्यावर कधी विचारच केला नव्हता, फक्त बाजू घेतली होती.

वडिलांनी सरांपुढची कपबशी उचलली. चहा तसाच होता. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सरांनू, तिका बोल लावू नकात. गप रवाक मियाच तिका कधी शिकवलंय नाय."