दोन जावा आणि मागचे पाटे

थोरलीची पिकअप मागून बसली होती, आणि ही गोष्ट तिला सांगितल्याशिवाय गल्लीतल्या एकालाही चैन पडत नव्हतं. दूधवाला सांगून गेला, इस्त्रीवाला सांगून गेला. कोपऱ्यावरचा चष्मेवाला तर दुकानातून बाहेर येऊन म्हणाला, "वहिनी, गाडी डावीकडे कलतेय बघा."

"चष्मा न लावता दिसतंय मला," थोरली म्हणाली आणि निघून गेली.

थोरली म्हणजे त्या घरातली थोरली सून. नाव तिला होतंच, पण सासरे 'थोरली' म्हणायचे, म्हणून नवरा म्हणायला लागला आणि मग सगळी गल्ली. घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत तिनं रोपांची आणि कुंड्यांची विक्री मांडली होती. माती, खत, कुंड्या, रोपं, सगळं त्या पिकअपमधून यायचं आणि त्या पिकअपमधूनच गिऱ्हाइकाच्या दारात जायचं. गाडी जुनी, तीही दुसऱ्याकडून घेतलेली. तिचा मूळ रंग कोणता यावर घरात दोन मतं होती. पण थोरलीचा जीव होता तिच्यावर, आणि जीव असला की माणूस भार जरा जास्तच टाकतो. "अजून दोन पोती बसतील" म्हणत म्हणत तिनं इतकी वर्षं काढली की शेवटी गाडीच बसली.

मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांच्या कमानी असतात. वरची पट्टी लांब, तिच्याखाली आखूड, त्याखाली आणखी आखूड, अशा एकावर एक आवळलेल्या. सगळा बोजा त्या पेलतात. त्यांना पाटे म्हणतात. थोरलीच्या गाडीचे पाटे आता नावालाच कमान उरले होते. रिकाम्या गाडीतही ते सरळसोट पडून असायचे. रस्त्यात खड्डा आला की मागून असा आवाज यायचा की रस्त्यातली कुत्री उठून बाजूला व्हायची.

नेमका तेव्हाच गॅरेजवाला हात मोडून घेऊन बसला. शिडीवरून पडला होता, आणि तोही गॅरेजात नव्हे, घरात माळ्यावरून गादी काढताना. प्लास्टरातला हात दाखवत तो म्हणाला, "पाटे देतो, बुश देतो, पाटे आवळायचे यू-बोल्ट नवे देतो, गाडी टेकवायच्या घोड्याही घेऊन जा. पण हात कुठून देऊ?"

"हात आहेत माझे," थोरली म्हणाली.

हे ती उगाच म्हणाली नव्हती. तिचे वडील ट्रक दुरुस्त करायचे. लहानपणी ती भातुकलीच्या जागी नटबोल्ट खेळली होती. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याला पाना आणि पक्कड यांतला फरक ठाऊक नव्हता. तो अजूनही ठाऊक नाही. शिवाय नव्या वाचनालयाच्या अंगणासाठी मोठाल्या कुंड्या पोचवायचं तिनं कबूल केलं होतं, आणि शब्द मोडण्यापेक्षा तिला कंबर मोडलेली परवडली असती.

अडचण एकच होती. पाटे बदलायला चार हात लागतात. घरातले दोन्ही भाऊ कामावर गेलेले. घरी उरले सासरे आणि धाकटी जाऊ. सासऱ्यांचे गुडघे गेलेले, आणि धाकटी थोरलीशी बोलत नव्हती.

या अबोल्याला कारण एक आरसा. धाकटीच्या माहेरचा, उंच, लाकडी चौकटीचा. तो आणायला थोरली स्वतः पिकअप घेऊन गेली होती. वाटेत एक खड्डा लागला, गाडी मागून आपटली आणि आरशाचे तुकडे झाले. धाकटी म्हणाली, "ही गाडी नाही, उखळ आहे." थोरली म्हणाली, "आरसा बांधायची अक्कल लागते." तेवढं पुरलं. तेव्हापासून दोघी एकाच अंगणात राहून एकमेकींशी सासऱ्यांमार्फत बोलत.

सासऱ्यांना ते काम नवं नव्हतं. उभा जन्म त्यांनी टपाल वाटण्यात घालवला होता. फरक इतकाच, की तेव्हा ते पाकीट फोडत नसत. आता मात्र मजकूर गाळून पुढे द्यायचे. धाकटी म्हणायची, "मामंजी, त्यांना सांगा, पाइप बंद करा, आमच्या दारात चिखल होतोय, माणसं राहतात इथं." सासरे थोरलीकडे वळून म्हणायचे, "झाडांना पाणी पुरे झालं, म्हणतेय."

सकाळचं रोपांना पाणी घालणं आटपून थोरलीनं काम काढलं. पुढच्या चाकांना दगड लावले. मागच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. मग जॅक लावून गाडी मागून उचलली, चासीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या सरकवल्या आणि डावं चाक काढून तेही चासीखाली आडवं ढकललं. वडिलांची शिकवण होती ती. सासरे दारात खुर्ची टाकून बसले होते. धाकटी खिडकीत शिवणयंत्रापुढे. मशीनचा आवाज मात्र येत नव्हता, कारण पाय थांबले होते आणि डोळे बाहेर होते.

थोरली गाडीखाली शिरली. यू-बोल्टच्या नटांवर ती आदल्या दिवसापासून तेल सोडत होती, तरी पहिला नट हलेना.

"मामंजी," खिडकीतून आवाज आला, "त्यांना सांगा, पान्याला पाइप लावा म्हणावं. बाटलीचं झाकण काढताय का?"

"पान्याला पाइप लाव," सासरे म्हणाले.

"लावणारच होते," थोरली खालून म्हणाली.

"लावणारच होती," सासऱ्यांनी खिडकीकडे पोचतं केलं.

पाइप लागला, नट कुरकुरला आणि सुटला. दुसरा सुटला. थोरलीनं शॉकअपचा खालचा बोल्ट काढला आणि कुशीवर वळून पुढच्या बोल्टकडे हात नेला. तिला दिसत नव्हतं ते खिडकीतून दिसलं. डाव्या घोडीचा एक पाय हळूहळू जमिनीत चालला होता. त्या बाजूची माती सकाळच्या पाण्यानं मऊ झालेली, आणि घोडी तिच्यात अशी रुतत होती जसा चमचा दह्यात.

"मामंजी, त्यांना सांगा, ती घोडी…" धाकटीनं सुरुवात केली आणि मध्येच तिच्या लक्षात आलं की टपालाला आता वेळ नाही. "ताई! बाहेर या! ताई, आधी बाहेर या!"

ओरडून ती थांबली नाही. धावत आली आणि थोरलीचा घोटा धरून तिनं असा हिसका दिला की थोरली पाठीवर घसरत, हातात पाना तसाच धरून, उजेडात आली. पुढच्याच क्षणी घोडी आडवी झाली आणि गाडी धप्पकन खाली आली. आली ती त्या आडव्या चाकावर, आणि तिथेच टेकून राहिली.

सासरे खुर्चीतून उठून उभे होते. गुडघे दुखतात हे ते विसरले होते.

"फारच जोरात ओढलंस गं," थोरली शेवटी म्हणाली.

"मग काय पत्र पाठवू?" धाकटी म्हणाली आणि तिथेच मातीत बसली. थोरलीनं तिचे हात धरले. आपल्या हाताला काळं वंगण आहे हे तिला आठवलं, पण तोवर उशीर झाला होता.

"पाणी ओवाळून टाकतो दोघींवरून," सासरे काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले.

"मामंजी, तुम्ही बसा," दोघी एकदम म्हणाल्या.

चहा झाला. त्यावर धाकटी घरात गेली आणि कपडे बेतायची जाडजूड फळी घेऊन आली. "हिच्यावर ठेवा घोडी. आणि दुसरीखाली काय घालणार?"

"फरशी आहे मागे. पण ही फळी खराब होईल तुझी."

"होऊ दे. तुमच्यापेक्षा फळी महाग नाही." जरा थांबून तिनं भर घातली, "थोडीच स्वस्त आहे."

गाडी पुन्हा उचलली. या वेळी दोघींनी घोड्या हलवून, लाथा मारून, पुन्हा हलवून पाहिल्या. पुढचा आणि मागचा बोल्ट निघाला, जॅक जरा खाली घेतला आणि जुना पाटा दोघींनी मिळून उतरवला. चांगलाच जड होता. धाकटीचा चेहरा लाल झाला, पण हात सोडला नाही तिनं.

अंगणात ठेवताना पाटा आडवा झाला आणि त्यातली एक पट्टी दुभंगून सरकली. मधोमध, यू-बोल्टखाली जिथे कधी कुणाला दिसणार नाही, तिथे ती मोडलेली होती. धाकटी वाकून बघायला लागली. कापडातली कसर शोधायची सवय असलेले डोळे ते.

"ताई, हे आत्ता नाही मोडलेलं."

"आत्ताच मोडलं असेल, गाडी पडली तेव्हा."

"मग तोंड चकचकीत नसतं का? हे बघा, आतून गंजून काळं झालंय. जुनं आहे हे. खूप जुनं."

थोरली उकिडवी बसली. बोट फिरवलं. गंज बोटाला लागला. तिला सगळं कळलं, आणि धाकटीला कळलंय हेही कळलं. खोटं बोलायला जागा होती, पण पाटा समोर पडलेला होता.

"म्हणजे तेव्हाही मोडकाच होता," ती म्हणाली. "उखळ म्हणालीस ते खरं होतं तुझं."

धाकटीनं काही तरी खरमरीत बोलावं अशी तिनं वाट पाहिली. धाकटी मात्र पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"एक सांगू? आरशाला मी नुसती चादर गुंडाळली होती. आई म्हणत होती, गोधडी घाल. मी म्हटलं, गोधडी मळेल."

थोरलीच्या पोटातून हसू उसळलं. धाकटीही हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि वंगणाचा पट्टा गालभर ओढला. सासरे दारातून विचारत होते, "काय झालं? काय म्हणतेय ती?" पण त्यांना कुणी उत्तर दिलं नाही.

नवा पाटा चढवणं म्हणजे पाळण्यातल्या रडक्या पोराला झोपवणं. एक टोक बसलं की दुसरं निसटतं. पुढचा बोल्ट धाकटीनं घातला. सुईत दोरा ओवणाऱ्या हाताला भोक बरोबर सापडलं. मागचा थोरलीनं हातोडीनं समजूत घालून बसवला. पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं एक्सलवरच्या खाचेत बसायला हवं होतं.

"जरा डावीकडे," थोरली म्हणाली.

"माझं डावं की तुमचं?"

"गाडीचं!"

"गाडी बोलते का माझ्याशी? माझ्याशी बोलायला तुम्ही आहात ना आता."

बसलं. यू-बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले, एक इकडचा, एक तिकडचा. मग उजवी बाजू. तिथला एक नट असा रुसला की पान्याला लावलेल्या पाइपवर दोघींना एकदम उभं राहावं लागलं. नट सुटला तेव्हा दोघी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या, आणि चष्मेवाला नेमका तेव्हाच गल्लीतून जात होता. तो मान खाली घालून भरभर पुढे गेला.

चाकं लागली, गाडी जमिनीवर उतरली, टोकाचे बोल्ट शेवटचे आवळले. पिकअप मागून इतकी उंच उभी राहिली की पुढे वाकून काहीतरी शोधतेय असं वाटावं. भरलेल्या कुंड्या चढवल्या तेव्हा ती शहाण्यासारखी खाली आली.

एक चक्कर मारून बघायला थोरली चालवायला बसली. धाकटी न विचारता शेजारी चढली. शाळेजवळच्या गतिरोधकावर गाडी गेली, आणि मागून नुसतं 'हुं' असं आलं, एखाद्या समजूतदार माणसानं म्हटल्यासारखं. धाकटीनं मागे वळून कुंड्या पाहिल्या. एकही हलली नव्हती.

परत येऊन थोरलीनं सगळे नट पुन्हा आवळले. दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या अंगणात कुंड्या उतरवायला धाकटी बरोबर गेली. कुठली कुंडी कुठे ठेवायची यावरून तिथे दोघींचं कडाक्याचं वाजलं, इतकं की वाचणारी माणसं खिडकीशी आली. शेवटी कुंड्या धाकटीच्या म्हणण्याप्रमाणे लागल्या आणि थोरलीनं परतताना गाडी जरा जास्तच जोरात चालवली.

मैदानाशी आल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, जरा थांबवा. मला चालवून बघायचीय."

"डोकं ठिकाणावर आहे का?"

"काल तुमच्या गाडीखाली गेले होते. आज आत बसले तर काय बिघडणार आहे?"

थोरलीनं गाडी थांबवली. दोघींनी जागा बदलल्या. धाकटीनं बसायची जागा पुढे ओढली, आरसा आपल्या डोळ्यांना जुळेल असा वळवून घेतला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि मोठा श्वास घेतला. पिकअपनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.

"क्लच!" थोरली ओरडली.

"क्लच कुठला? ओरडू नका, दाखवा!"

थोरलीनं वाकून तिचा पाय हातानं धरून क्लचवर ठेवला. "हळू सोड. मशीनचं पायडल दाबतेस तसं नाही, सोडतेस तसं."

गाडी पुन्हा एकदा थरथरली, क्षणभर विचारात पडली, आणि रिकाम्या मैदानावर संथपणे पुढे निघाली.