लाल गोळी आणि सकाळचा चहा

ताई बाळंतपणासाठी ईट गावी माहेरी आली तेव्हा तिला सातवा महिना लागला होता. तिच्या पिशवीत सरकारी दवाखान्यातल्या दोन प्रकारच्या गोळ्या होत्या. रक्तवाढीची लाल आणि कॅल्शियमची पांढरी. आईनं दोन्ही पाकिटं माझ्यापुढं ठेवली. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळं छापलेलं काहीही माझ्याकडंच येतं.

"कवा द्यायच्या गं?"

"सकाळी. दोन्ही एकदमच, म्हणजे विसरायला नको," मी म्हणाले. पाकिटावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. मला उत्तर द्यायची सवय लागली होती, एवढंच.

लाल गोळीनं ताईला मळमळायचं. मग आई दोन्ही गोळ्या चहासोबत देऊ लागली. गोळी उलटून पडेनाशी झाली, म्हणून आम्ही खूश.

पुढं ताई कच्चे तांदूळ खाऊ लागली. डब्यात हात घालायची आणि चावत बसायची. "बाळाला आत्ताच लई भूक," आई हसायची. मीही हसायचे. तिची नखं पांढरी पडत होती. अंगण ओलांडतानाही ती मध्येच खाली बसायची. मला ते दिसत होतं. पण गोळी एकही चुकली नव्हती.

आठवा संपताना तपासणीत रक्त आधीपेक्षाही कमी निघालं. नर्सबाईंनी रिकामी पाकिटं उलटसुलट करून पाहिली.

"खाल्ल्यात तर खऱ्या. कशासंगं?"

"चहासंगं," आई म्हणाली. "दोन्ही एकदमच."

नर्सबाईंनी पाकिटं खाली ठेवली. "चहा न् कॅल्शियम लाल गोळी अंगी लागू देत न्हाईत, मावशी. ती जेवणानंतर लिंबूपाण्यासंगं घ्यायची, पांढरी दुसऱ्या जेवणाला. टॉनिकची महागाची बाटली आणली असती तरी हेच झालं असतं. आता गोळ्यांवर थांबायला टाईम न्हाय. रक्तवाढीचं औषध सलाईनमधून द्यावं लागंल."

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात ताईच्या हातात तपकिरी औषध थेंबाथेंबानं उतरत होतं.

"शिकलेल्या बाई," ती डोळे न उघडता म्हणाली, "एकदम घ्यायच्या, हे कुणाला इचारलं व्हतंस?"

"कुणालाच नाही."

चादरीखाली तिचं पोट हललं.

"येळेवर भरंल का गं रक्त?" आईनं विचारलं. पलीकडच्या खाटेपाशी तिथली नर्स उभी होती, तरी आई माझ्याकडंच बघत होती.

"मला माहीत नाही, आई," मी म्हणाले, आणि त्या नर्सला विचारायला उठले.