आईच्या तब्येतीचा दाखला

घाटकोपरला आमची मालवणी खानावळ आहे. आईसकट चौघी बायका तिथे रांधायच्या. अन्न खात्याच्या तपासणीची फाइल माझ्याकडे, कारण घरात बीकॉम झालेली मी एकटीच. पाण्याचा रिपोर्ट, झुरळांच्या फवारणीचा कागद आणि प्रत्येकीला डॉक्टरने दरवर्षी तपासून दिलेला तब्येतीचा दाखला, सगळं तारीखवार. तपासणीचे साहेब म्हणायचे, "तुमची फाइल बघायला बरं वाटतं हो." मी फुगायचे.

फक्त तो दाखला तपासून घेतलेला नसायचा. चौघी सकाळभर दवाखान्यात बसल्या तर दुपारच्या थाळ्या कोण वाढणार? पहिल्या वर्षी मी आईला चल म्हटलं होतं. ती कातावली. "माका काय धाड भरली हा गो? थंय बसान ऱ्हवलंय तर बांगडे कोण साफ करतलो?" एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही, पण त्या दिवशी मलाही कंटाळा आला होता. ओळखीच्या डॉक्टरांनी चार कोऱ्या फॉर्मवर सही-शिक्का दिला. वजन, डोळे, त्वचा, रक्तदाब, सगळं मी घरी बसून भरलं. चौघींचाही १२०/८० लिहिला तर साहेबांना संशय येईल, म्हणून आईचा ११८/७८ केला. या हुशारीचं मला केवढं कौतुक वाटलं होतं! मग दरवर्षी तसंच.

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की आई कपाळाला बाम चोळून भिंतीला टेकायची. शेगडीची धग लागते, म्हणायची. मीही तेच म्हणायचे.

गेल्या वर्षी सोलकढी गाळता गाळता ती एका बाजूला कलंडली. तोंड वाकडं झालं होतं. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांना बीपीचा त्रास होता?"

"नाही. नॉर्मल असतं. एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर," मी फाडकन सांगितलं.

"शेवटचं कधी मोजलंत?"

इतक्या वेळा लिहून लिहून ते मला खरंच वाटायला लागलं होतं. तिसऱ्या दिवशी आई गेली. तिला मी मारलं, हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. पण मला तसंच वाटतं.

महिन्याभराने खानावळ उघडली आणि साहेब तपासणीला आले. फाइल चाळताना आईच्या दाखल्यापाशी थांबले. "या बाई आज दिसत नाहीत?"

"गेल्या. डोक्यात रक्तस्राव झाला."

त्यांनी दाखला पुन्हा वाचला. त्याची मुदत संपायला अजून सहा महिने होते. "अरेरे. तब्येत तर अगदी चांगली होती हो," ते म्हणाले. मग त्यांनी वहीत शेरा लिहिला, 'सर्व नोंदी समाधानकारक', आणि वही माझ्यापुढे सरकवली. शेऱ्याखाली आमची सही लागते. आजवर ती आई करायची, मोठ्या अक्षरांत, ओळीबाहेर जात. त्या सह्यांखाली मी माझी सही केली.