तळाचं पाणी

आमच्या गावात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, तेही घटकाभर. नेमकं कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही, पण माझ्या मायला कळायचं. नळातून नुसती हवा फुसफुसायला लागली की ती तव्यावरची भाकर तशीच टाकून उठायची आणि अख्ख्या घराला कामाला लावायची. घागरी, हंडे, प्लास्टिकचा ड्रम, पातेली, तांबे, सगळं काठोकाठ भरायचं. मी एकदा चिडवलं होतं, माय, आता चमचे तेवढे राहिले, ते बी भरून ठेव. तिनं अशी नजर टाकली की मी गुमान पाइप धरला.

पण तिचा खरा जीव रांजणात. अंगणाच्या कोपऱ्यात निम्मा जमिनीत पुरलेला, प्यायच्या पाण्याचा. त्याचे नियम लय कडक. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या धोतराची दुहेरी घडी तोंडावर धरून पाणी गाळायचं, वरून तुरटी फिरवायची, लाकडी झाकण ठेवायचं. पाणी काढायचं ते लांब दांड्याच्या वगराळ्यानंच. कुणी तांब्या बुडवला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे शिळ्या पाण्यावर नवं पाणी घालायचं नाही. नळाचे दिवस जवळ आले की रांजण उपसून, तळ कोरडा करून ठेवायचा. आबा बिनआंघोळीचे राहिले तरी चालतील, पण हा नियम मोडायचा नाही, असं आबाच हसत म्हणायचे.

रांजण खोल, मायचा हात तळाला पोचत नसे. मी लहान होते तेव्हा ती मला बगलेत धरून आत उतरवायची. राख आणि नारळाची शेंडी घेऊन मी आतून घासायची. आत गारेगार, माझाच आवाज मला घुमून ऐकू यायचा, आणि वर गोल आभाळात मायचं तोंड. कोपरा राहिला बघ, म्हणायची. गोल रांजणाला कोपरा कुठून आला, म्हणून मी आतूनच भांडायची. भांडखोरपणा मला तिच्याकडूनच आलाय. पुढं मी मोठी झाले, रांजणात मावेना, तेव्हा तिनं एका काठीला फडकं बांधलं आणि त्यानं तळाचं पाणी टिपून घ्यायला लागली. ती काठी कायम रांजणाशेजारी भिंतीला टेकलेली असायची.

यंदा भाऊ आणि वहिनी ऊसतोडीला गेले आणि मागं मायला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, कामाला हात लावू देऊ नका. मी झरी गावातलं माझं घर सोडून तिच्याजवळ येऊन राहिले. गोळ्या घेताना ती कुरकुर करायची, पण सकाळी डोळे उघडले की पहिला सवाल ठरलेला, नळ आला का?

एके दिवशी आला. मी तिला निजून राहा म्हणाले. कशाची राहतीय! भिंत धरत धरत अंगणात आली, रांजणाजवळ दगडावर टेकली आणि धोतराची घडी दोन्ही हातांनी ताणून धरली. तुझ्या हातानं नीट गाळल्या जात न्हाई, म्हणाली. मला लय राग आला, पण तिचं तोंड बघून मी पाइप धरला. रांजण भरला. तिनं तुरटी फिरवली, झाकण ठेवलं आणि त्या झाकणावर हात ठेवून बराच वेळ दम खात बसली. आजारपणात मी तिला एवढं खुश बघितलं नव्हतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी, दुपारच्या वेळी, तिनं चहा मागितला. मी कप घेऊन आले तोवर ती गेली होती.

भाऊ-वहिनी पहाटे कारखान्याकडून पोचले. सकाळी मायला नेलं. माणसं स्मशानाकडं गेली आणि घरात आम्ही बायका राहिलो. मयत घराबाहेर पडली की घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतून द्यायचं, अशी आमच्याकडं रीत. माझी थोरली चुलती उठली, तिनं पदर खोचला आणि पहिल्या घागरीला हात घातला. मी तिचं मनगट धरलं.

मी नाही म्हणाले. ओतायचं नाही. नळ पुन्हा कधी येईल कुणाला माहीत, असं काहीबाही बोलत होते, पण खरं कारण ते नव्हतं. तिच्या हातचं स्वयंपाकातलं काही उरलं नव्हतं. आजारी पडल्यापासून तिनं चूल बघितली नव्हती. तिच्या हातचं म्हणावं असं त्या घरात एवढं पाणीच होतं, आणि ते मला कुणालाही ओतू द्यायचं नव्हतं. मी लहान लेकरासारखी रडत भांडत होते.

चुलतीनं मनगट सोडवून घेतलं नाही. हळूच म्हणाली, "तुझे काका गेले तवा भर उन्हाळा होता. माझा हात होईना. तुझ्या मायनंच माझ्या घरचं पाणी ओतलं, अन् सांजच्याला आपल्या घरचे दोन हंडे डोक्यावर आणून दिले. इसरलीस का?"

विसरले नव्हते. थेंबासाठी भांडणारी माझी माय, गल्लीत कुठं मयत झाली की न सांगता हंडा उचलायची. मी हात सोडला.

फक्त गटारात ओतू दिलं नाही. मायनं कधी भांडी धुतलेलं पाणीसुद्धा गटारात जाऊ दिलं नव्हतं. एकेक घागर आम्ही लिंबाच्या झाडाला नेऊन घातली. मग रांजण. आधी तांब्यानं उपसला, मग वगराळ्यानं. मी वाकून खांद्यापर्यंत हात घातला तरी शेवटचं पाणी हाताला लागेना. चुलतीनं आत वाकून बघितलं. मग तिनं भिंतीला टेकलेली काठी बघितली आणि मग माझ्याकडं.

"र्‍हाऊ दे," ती म्हणाली. "तेवढं काय निघत न्हाई." आणि तिनं झाकण ठेवून दिलं.

दिवस मावळायच्या आत गल्लीतल्या बायका एकेक घागर घेऊन आल्या. ओट्यावर ठेवून गेल्या. त्या पाण्यावर आमचे सुतकाचे पहिले दिवस निघाले.

दहाव्याच्या आधी एका सकाळी नळ फुसफुसला. वहिनी घागरींकडं धावली, मी रांजणाकडं. झाकण काढलं. तळाला ते पाणी तसंच होतं, गाळलेलं, नितळ. मी काठी हातात घेतली. फडकं आत सोडलं, आणि पाण्याला टेकायच्या आधीच वर ओढलं. माझ्याच्यानं होईना. काठी होती तिथं ठेवली आणि शिळ्या पाण्यावर नव्या पाण्याचा पाइप सोडला.

माय असती तर पाठीत धपाटा बसला असता. मी तशीच पाठ वाकवून उभी राहिले. रांजण भरला, पाणी काठावरून अंगणात सांडायला लागलं, माझे पाय भिजले, तरी कुणी ओरडलं नाही.