सर्वानुमते मंजूर

ऑफिसातल्या फायली ठरावीक वर्षांनी नष्ट करता येतात, तसा नियमच आहे. किश्शांना असला काही नियम नाही. ते साठतच जातात. आमच्या शिक्षण संस्थेत मी तीस वर्षं क्लार्की केली. मागच्या वर्षी रिटायर झालो आणि बघतो तर डोक्यात दुसरं काही ठेवायला जागाच नाही! म्हणून जरा मोकळं करतो.

संस्थेचं ऑफिस पंचवटीत, शाळा मनमाडला, चांदवडला आणि एक थेट सुरगाण्याच्या डोंगरात. अध्यक्ष बापूसाहेब. मी नोकरीला लागलो तेव्हाही तेच, रिटायर झालो तेव्हाही तेच. दर पाच वर्षांनी निवडणूक जाहीर व्हायची, एकच अर्ज यायचा. मग बापूसाहेब हार घालून घेता घेता म्हणायचे, "मी नकोच म्हनत होतो, पन लोकांचा लय आग्रह!"

लोक म्हणजे आम्हीच. टाळ्या वाजवायचो.

* * *

सभेचं प्रोसिडिंग लिहायचं काम माझ्याकडे. ते मी सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवायचो. सभेत काय होणार हे सगळ्यांना माहीतच असायचं, मग उगाच धावपळ कशाला? प्रत्येक ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर'. हा शब्द बापूसाहेबांना फार प्रिय.

एकदा बापूसाहेब हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकले. सभा झालीच नाही. सभासद चहा पिऊन निघाले, तेव्हा मी दारात सह्या घेतल्या. एक वकील सभासद वाचून दचकले. "भाऊसाहेब, तिसऱ्या ठरावाला मी विरोध करणार होतो!"

"तो पुढच्या सभेत करा साहेब. या सभेत तुम्ही सूचक आहात."

त्यांनी सही केली. वर चहा छान होता असंही म्हणाले.

* * *

सूचक बदलायचे, पण अनुमोदक कायम एकच, नाना अहिरराव. ठराव कसलाही असो, नाना हात वर करायचे. पुढे पुढे तर ठराव वाचायच्या आधीच करायचे.

नाना गेले. दुखवट्याची सभा ठेवली. मी सवयीने आदल्या दिवशी लिहिलं आणि बापूसाहेबांनी सवयीने न बघता वाचलं, "नाना अहिरराव यांना श्रद्धांजली वाहण्यात यावी. अनुमोदक, नाना अहिरराव. सर्वानुमते मंजूर!"

सभागृहात एकही माणूस हसला नाही. बापूसाहेबांनी चष्मा काढला, रुमालाने डोळे टिपले.

"मानूस गेला," ते म्हणाले, "पन साथ सोडली नाय!"

यावर टाळ्या पडल्या.

* * *

बापूसाहेबांच्या खुर्चीमागे एक खिळा होता. त्यावर मुंबईत ज्यांचं सरकार असेल त्या साहेबांचा फोटो. इलेक्शन आलं की आमचे शिक्षक त्याच साहेबांच्या स्लिपा घरोघर वाटायचे, आणि मग साहेब आमच्या संस्थेत कधी डोकावून बघायचे नाहीत. दोन्हीकडून सोय!

सरकार बदललं की आमचा शिपाई पंडित स्टूल घेऊन यायचा. उतरवलेले फोटो तो कपाटामागे कापडात गुंडाळून ठेवायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, देऊन टाक रद्दीत."

"नाय भाऊसाहेब," पंडित म्हणाला. "परत लागत्यात."

दोनदा लागले.

* * *

संस्थेची एक मतपेटीही होती. पत्र्याची, कुलूपवाली. कधी वापरच नाही, म्हणून पंडित तिच्यात साखर ठेवायचा. कुलूप असल्यामुळे साखर सुरक्षित राहायची.

एके दिवशी चांदवडच्या शाळेचे सोनवणे सर आले. गणिताचे शिक्षक, संस्थेचे आजीव सभासद, स्वभावाने अगदी गरीब. शाळेत मुलींच्या बाथरूमला पाणी नाही म्हणून त्यांनी सात अर्ज दिले होते. आठवा अर्ज त्यांनी अध्यक्षपदाचा भरला!

पंडित माझ्याकडे बघत राहिला. "भाऊसाहेब, मग साखर कुठं ठेवू?"

* * *

त्या आठवड्यात सरांना चांदवड, मनमाड, नाशिक सगळीकडून फोन. "सर, आमचं मत तुम्हालाच. फक्त नाव कुठं घेऊ नका." जिन्यात गाठून मीही म्हणालो, मला मत नसताना!

इकडे बापूसाहेबांनी मला आत बोलावलं. "सोनवन्यांची बदलीची ऑर्डर टाईप करा. सुरगाना. तारीख मोकळी ठेवा. आन त्यांना दिसंल अशी टेबलावर ठेवा."

सरांच्या मिसेस मनमाडला रेल्वेत नोकरीला, मुलगी दहावीत, आई अंथरुणाला खिळलेली. हे मला माहीत होतं. तरी मी टाईप केली, आणि टेबलावर ठेवली तीसुद्धा सरांच्या बाजूला तोंड करून. त्याची लाज मला आजही वाटते.

ऑफिसात आल्यावर सरांनी ती उभ्या उभ्या वाचली. आई घर बदलून जगायची नाही, एवढंच म्हणाले आणि अर्ज मागे घ्यायला आत गेले. दार उघडंच होतं.

"मागं घ्यायचा नाय!" बापूसाहेब म्हणाले. "वरून फोन आलाय, दर टायमाला बिनविरोध बरं दिसत नाय. इलेक्शन झालंच पाहिजे. लोकशाही हाय. तुम्ही उभं ऱ्हायचं."

"आणि ती ऑर्डर?"

"ती कागद हाय, सर. तारखेबिगर कागदाला काय किंमत? मतदान नीट होऊ द्या."

* * *

मतदान नीट झालं. सभासद एक्केचाळीस, सगळे हजर. बापूसाहेबांनी फोटोसाठी दोनदा मत टाकल्यासारखं केलं. सरांनी आपली चिठ्ठी चार घड्या करून टाकली आणि कोपऱ्यात जाऊन बसले.

मोजणी मीच केली. चिठ्ठ्यांना मुंग्या लागल्या होत्या. एकेक झटकून वाचत गेलो. बापूसाहेब, बापूसाहेब, बापूसाहेब. शेवटची चिठ्ठी चार घड्यांची निघाली. ती मी जरा हळूच उघडली.

बापूसाहेब एक्केचाळीस. सोनवणे सर शून्य.

हार आला, फटाके वाजले. गर्दीतून एकेक जण सरांजवळ जाऊन कानाशी लागत होता, "सर, माझं मत तुम्हालाच होतं बरं का!" सर प्रत्येकाला हात जोडून "आभारी आहे" म्हणत होते. मी मोजले, नऊ जण झाले.

सगळे पेढ्यांकडे वळल्यावर सर माझ्या टेबलाशी आले. प्रोसिडिंगच्या वहीवर बोट ठेवून म्हणाले, "भाऊसाहेब, 'सर्वानुमते' लिहा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच खरं लिहाल."

मी वही उघडून त्यांच्यासमोर धरली.

"सर, कालच लिहिलंय."