अडीच तासांचं विमान

विमानात कधी पाय न ठेवता विमानाची वाट तोंडपाठ असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि नेमका तोच माझा सासरा निघाला. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मामा झरीचे. निजामाच्या अमदानीत शेतांच्या पैमाइशीत जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, ओढण्यात त्यांची उमर गेली. पुढे राज्य गेलं, दफ्तर उर्दूतून मराठीत आलं. मामा मात्र उर्दूतच राहिले. त्यामुळे मुलाची मराठी पत्रं वाचून दाखवायला मी, गावच्या शाळेतला मास्तर, हक्काचा जावई होतो.

हा मुलगा, दत्तू, विमानदलात मेकॅनिक होता. दर मंगळवारी सकाळी आठाला आसामातल्या जोरहाटहून धान्याच्या पोत्यांसोबत डोंगराकडच्या पासीघाटला जातो, असं त्यानं कळवलं. मामांनी लगेच शाळेतला नकाशा मागवला, ओट्यावर अंथरला, चार कोपऱ्यांवर चार कांदे ठेवले आणि दोरा घेतला. मी पट्टी लावून सरळ रेघ दाखवली, तर मामा भडकलेच. "जावईबापू, लोकाच्या उभ्या पिकातून कोनी जातंय का? बांधानं जावं लागतंय!" नकाशात बांध सापडेना, म्हणून त्यांनी ब्रह्मपुत्रेचा काठ धरला आणि तिच्या प्रत्येक वळणाला दोरा वळवला. मग विमानाला दम खायला वेळ धरला, चालवणाऱ्याच्या भाकरीला वेगळा. "त्यो काय उपाशी चालविन?" सगळं मिळून अडीच तास भरले.

तेव्हापासून मंगळवारी आठ ते साडेदहा मामा ओट्यावर पूर्वेकडे तोंड करून बसत. बोलणं बंद, पाणीही बंद. एकदा तहसिलीतले साहेब जुन्या हद्दीची चौकशी करायला आले. मामांनी नुसता हात वर केला. साहेबही भाविक, जोडे काढून मुकाट बसले. साडेदहाला मामा "उतरलं!" म्हणाले आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्याले. "कोणतं दैवत?" साहेबांनी हळूच विचारलं. आतून सासूबाई म्हणाल्या, "पासीघाटचं!"

मी या प्रकाराला खूप हसलो, हे कबूल करतो. मग दत्तूचं एक पत्र आलं. पाऊण तासाचीच वाट आहे, काळजी करू नका, असं त्यात होतं. मी ते वाक्य दोनदा मोठ्यानं वाचलं. त्याच्या खालीच, सोबतचं एक विमान डोंगरात गेलं आणि परतलं नाही, असंही होतं. ती ओळ मी गाळली. मामांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "त्याला पाऊण लागत आसंल," ते म्हणाले, "मला अडीच लागतेत." त्यानंतर मला हसू आलं नाही.

वर्षभरानं दत्तूची आग्र्याला बदली झाली, जमिनीवरच्या कामावर. मी पेढे घेऊन धावत गेलो. मंगळवार होता, आणि मामा ओट्यावर बसलेलेच. साडेदहा होईपर्यंत पेढ्याला त्यांनी बोट लावलं नाही.

"मामा, आता आपला दत्तू न्हाई त्यात," मी म्हणालो.

"म्हून काय विमान रिकामं जायलाय? कोनाचं तरी लेकरू आसंलच की."

पुढच्या मंगळवारी शाळेला सुट्टी होती. आठाच्या आधी मी गेलो, तर मामा सरकले आणि शेजारी जागा केली.

"बसा," ते म्हणाले, "पर पानी पिऊन घ्या आधी. लय दूर हाय."